भोंग्याच्या पाठीमागे

आवाज आला तेव्हा उल्मेकेनच्या हातात सासूचा पाय होता. कोमट पाण्याच्या घमेल्यात तो धरून टाचेच्या भेगांवरून ती अंगठा फिरवत होती, आणि कुणीतरी पाठीमागून येऊन थेट कानाशी बोलावं तशी एक बाई म्हणाली, "लक्ष द्या. तेरेकसायच्या रहिवाशांनो, लक्ष द्या." उल्मेकेननं चटकन मान वळवली. मागे भिंत होती, भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, बाकी कुणी नव्हतं. दर वेळी ती अशीच फसायची. भोंगा गल्लीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, चढून जायचं तर दम निघावा इतका लांब. पण आवाज असा यायचा की बोलणारीचे ओठ मिटल्याचंही ऐकू यावं. जुना भोंगा होता तो नुसता रडायचा. अर्ध्या अल्मातीला एकदम ऐकू जायचा, कुत्री त्याच्याबरोबर गळा काढायची, आणि झालंय काय ते कुणालाच कळायचं नाही. हा नवा काळा, परातीएवढा, खांबावर मान फिरवणारा. ज्याच्याकडे तोंड करील त्याच्याशीच बोलणार. बसवला तेव्हा शेजारचा इमिनजान म्हणाला होता, "आपा, आता सरकार घरात येऊन बोलणार. एक बायको कमी होती का?"

"पाणी निवलं," म्हातारी म्हणाली.

"एने, भोंगा बोलतोय."

"बोलू दे. त्याला काय काम आहे दुसरं? तू पाणी आण."

बाई बोलतच होती. वर हिमनदीच्या तळ्यातलं पाणी वाढलं आहे. चिखलाचा लोंढा येण्याचा धोका आहे. घर सोडा. नदीपासून दूर, उंचावर जा. सामान घेत बसू नका. वृद्धांना मदत करा. आधी कझाखमध्ये, मग तेच रशियनमध्ये, त्याच शांत गळ्यानं. सूप वाढताना विचारावं तसं. उल्मेकेननं म्हातारीचा पाय टॉवेलवर घेतला आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करू लागली. बेचक्या ओल्या राहिल्या की चिघळतात. या उन्हाळ्यातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा नुसती रंगीत तालीम होती. दुसऱ्यांदा नदी खरंच तपकिरी झाली, पुलाच्या फळीला लागली आणि संध्याकाळी मुकाट उतरली. दोन्ही वेळा इमिनजान आणि त्याचा जावई धावत आले होते, म्हातारीला गालिच्यात घालून, चार टोकं धरून वर घेऊन गेले होते, आणि म्हातारी गालिच्यातून सबंध चढणभर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आज इमिनजान सगळं घर घेऊन शेलेकला लग्नाला गेला होता. जाताना कुंपणावरून ओरडून सांगितलं होतं, कोंबड्यांना दाणे टाका म्हणून.

आता उठायला हवं, असं उल्मेकेनच्या मनात आलं. पण ते नुसतं मनातच राहिलं, खाली गुडघ्यापर्यंत उतरलंच नाही. हे हल्ली असंच व्हायचं. चुलीशी उभं असताना दूध उतू चाललेलं दिसायचं, हात पुढे जायचा नाही. जणू ती एका जागी आणि तिचं अंग दुसऱ्या जागी, आणि मधे निरोप्या कुणी नाही. तिच्या आईला मुलींवर मुली झाल्या, शेवटच्या बाळंतपणात तिनं सुइणीला विचारलं, "मुलगा ना?" आणि तोच प्रश्न पोरीचं नाव म्हणून चिकटला. उल्मेकेन. जन्मभर लोक तिला हाक मारताना तिच्याजागी दुसऱ्या कुणाची तरी चौकशी करत आले. लग्न होऊन या घरात आली ती धाकट्या मुलाची बायको म्हणून. घर धाकट्याचं, आणि घराबरोबर आईही. थोरले दीर एक अस्तानाला, एक ताल्दीकोरगानला. नवरोजला फोन करत, रडत, आईच्या तब्येतीचं विचारत, आणि फोन ठेवत. मग धाकटाही गेला. ट्रॉलीबसच्या आगारात चहा पिता पिता खुर्चीतच गेला. घर राहिलं, आई राहिली. नंतर आईचे पाय गेले. आता त्या पायांना मोजे चढवायचे होते.

"मोजे कशाला? उकडतंय."

"वर जायचंय, एने. वर वारा असतो."

"कोण नेणार? तू?" म्हातारीनं तिच्याकडे खालीवर पाहिलं. तिचे डोळे अजून लख्ख होते. "तुला पिठाचं पोतं उचलवत नाही."

तिनं प्रयत्न केला. तो केला होता, हे नंतर पुष्कळ वेळा तिला स्वतःला सांगावं लागलं. म्हातारीच्या काखेत हात घातले, छातीशी ओढलं, उजव्या खांद्यात जुनी कळ सळकन उठली. म्हातारी अर्धी उठली, किंचाळली आणि पलंगावर परत बसली ती घमेल्याला पाय लागून पाणी सांडलं. दोघी धापा टाकत राहिल्या. म्हातारीच्या केसांना मेंढीच्या चरबीचा आणि औषधाचा वास येत होता. त्या वासातच आता उल्मेकेनचं जेवण, झोप, सगळं होई. "नीट लक्ष द्या," बाई म्हणाली. उल्मेकेननं फडकं टाकलं, पाणी पसरलं तिथं पायानं दाबलं. "मी कुणाला तरी घेऊन येते," ती म्हणाली. आणि म्हणाली तेव्हा ते खरं होतं.

गल्लीत ऊन पांढरंफेक पडलं होतं. पुरुष सगळे शहरात कामाला. शेजारची नेल्या, कोरियन, गाजराची कोशिंबीर करून बाजारात विकायची. तिच्या एका हातात मांजराची टोपली आणि दुसऱ्या काखेत कलिंगड होतं. "मागच्या वेळी वर काही खायला नव्हतं," ती म्हणाली, "आज मी शहाणी झाले." आणि हसत पुढे गेली. उल्मेकेननं कोपऱ्यावरचं दार वाजवलं. बंद. त्याच्या पुढचं वाजवलं. तेही बंद. त्यापुढचं घर चढणीच्या तोंडाशी होतं, तिथं एक धट्टाकट्टा सुतार राहायचा. त्याच्या अंगणात पत्र्याचं फाटक उघडं पडलं होतं आणि आत कुणी नव्हतं. मग वरच्या वळणाकडे कुणीतरी भेटेल म्हणून ती वळणाकडे निघाली. वळणावर बायका होत्या, मुलं होती, एक म्हातारा काठी टेकत होता. त्याच्या पुढच्या वळणाकडे पाहत ती चढत राहिली. भोंगा आता समोरून, वरून, तोंडावर बोलत होता. उंचावर जा. उंचावर जा. आवाज छातीवर तळहात ठेवल्यासारखा लागत होता, दातांत बारीक कंप यायचा. आपल्याला कुणी इतकं स्पष्ट, इतकं आर्जवानं काही सांगितल्याला किती वर्षं झाली असतील? जा, म्हणत होती ती बाई. थांबू नका. जा.

आणि मग खांब मागे पडला. पायवाट भोंग्याच्या बगलेनं वळून त्याच्या पाठीमागे गेली, आणि आवाज बंद झाला. कुणी दार ओढून घ्यावं तसा. बाई अजून बोलत होती. पण इथं मागे नुसतं डबा वाजल्यासारखं पुटपुटणं येत होतं, शब्द सगळे समोर, खाली, दरीत चालले होते. इथं गवत होतं, किडे किरकिरत होते, कुणाचं तरी पोर हसत होतं. उल्मेकेन बसली. बसल्यावर तिला कळलं की आपण बसलोय.

गवतावर लोक सहलीला आल्यासारखे पसरले होते. तिसरी वेळ म्हणजे कुणी कुणाला घाबरत नाही. नेल्यानं कलिंगड फोडलं. नारिंगी जाकीट घातलेला नगरपालिकेचा माणूस घामेजल्या चेहऱ्यानं फिरत होता, सगळ्यांना विचारत होता, घरात कुणी राहिलंय का. तो तिच्याशी थांबला. "आपा, खालच्या गल्लीतल्या तुम्ही? घरात कोणी आहे? नाव सांगा." उल्मेकेननं तोंड उघडलं. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं; ते तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा ती फिरवून बोलायची. तेवढ्याशा अडचणीत ती क्षणभर अडकली आणि त्या क्षणातून भलतंच बाहेर पडलं.

"कोणी नाही."

"सासूबाई?" कलिंगडाचा काप तिच्यापुढे धरत नेल्यानं विचारलं.

"माझा मुलगा घेऊन गेलाय, मेइरबेक. काल. त्याच्या फ्लॅटवर."

नेल्या तिच्याकडे पाहत राहिली. कालच संध्याकाळी कुंपणापलीकडून म्हातारीचं ओरडणं तिनं ऐकलेलं असणार. मग तिनं नजर खाली वळवली आणि कापातल्या बिया बोटानं काढू लागली. नारिंगी जाकीटवाल्यानं हातातल्या यंत्रात सांगितलं, "खालची गल्ली रिकामी." उल्मेकेननं कलिंगड खाल्लं. ते गोड होतं. हनुवटीवरून रस ओघळला तो तिनं मनगटानं पुसला.

ती काही विचार करत नव्हती. नंतर तिला वाटायचं, त्या वेळी काहीतरी भयंकर मनात आलं असतं तर बरं झालं असतं. पण मनात इसिक-कुलचं तळं होतं. पूर्वी बालवाडीत स्वयंपाकाला होती तेव्हा एकदा कामगार संघटनेनं सगळ्या बायकांना तळ्यावर नेलं होतं. लोखंडी पलंगांची लांब खोली, पांढऱ्या चादरी, आणि एक आख्खा पलंग तिचा एकटीचा. बाकीच्या पाण्यात गेल्या, मासे घ्यायला गेल्या, गाणी म्हणाल्या. ती झोपली. उठून जेवली आणि परत झोपली. "अगं, तळं तरी बघ," सगळ्या हसल्या. तिनं तळं खिडकीतून पाहिलं, निळं होतं, आणि कुशीवर वळली. परत आल्यावर म्हातारीनं विचारलं, "कसं होतं पाणी?" "गार," तिनं सांगितलं होतं. या गवतावर तसंच होतं. हात मांडीवर पडले होते, उघडे, तळवे वर. त्यांना काही धरायचं नव्हतं. खांद्यातली कळ हळूहळू विरत गेली. घोट्यांतली सूज उतरल्यासारखी वाटली. कुणी हाक मारत नव्हतं. अंग थोडं थोडं करून परत येत होतं. आधी पाठ, मग गुडघे, जणू इतके दिवस ते कुणीतरी उसनं नेलं होतं. आणि अंग आल्याबरोबर त्याची जुनी खोडही आली. पुरता दम खाल्ल्यावर गुडघे आपले आपण उठले. आता उचलता येईल, एवढंच तिला वाटलं. मघाशी येत नव्हतं, आता येईल. प्रेम आठवलं नाही, पाप आठवलं नाही. चूल तापली की भांडं ठेवायचं, तशी ती उठली आणि वाटेला लागली.

"उल्मेकेन!" नेल्या मागून म्हणाली, पण ओरडली नाही.

खांबाच्या पुढे आल्याबरोबर आवाज पाठीवर आदळला. आता बाईची ध्वनिफीत नव्हती. एक माणूस बोलत होता, जिवंत, सर्दी झालेला. मधेच नाक ओढायचा आणि ते नाक ओढणं सबंध दरीभर जायचं. "राखाडी रुमालवाल्या आपा, खाली जाऊ नका. थांबा." तिनं रुमालाला हात लावला. खांबावर कॅमेऱ्याचा डोळा होता हे तिला ठाऊक होतं, पण तो आपल्याला पाहत असेल असं कधी वाटलं नव्हतं. "आपा, तुम्हालाच सांगतोय. मागे फिरा. वरच्या धरणावरून लोंढा निघालाय. हे तालमीतलं नाही." भोंग्यानं मान वळवून तोंड बरोबर तिच्यावर धरलं होतं. दुसरं कुणी ते ऐकत नव्हतं. मान, खांदे, कवटीच्या आतली पोकळी, सगळीकडे तोच. मधेच त्यानं शब्द सोडले आणि नुसता एक कर्कश, कानात सळई घातल्यासारखा सूर सोडला. बकऱ्या हाकाव्यात तसा. डोळ्यांत पाणी आलं. तिनं रुमाल कानांवर ओढला, वरून हात दाबले आणि कोपरं बाहेर काढून, वाऱ्याविरुद्ध चालावं तशी, ती खाली जात राहिली. "अहो आपा, हात जोडतो," माणूस म्हणाला, आणि शिंकला.

म्हातारी पलंगावर नव्हती. ती उंबऱ्याशी होती, पोटावर, मुठीत गालिच्याची झालर. पलंगापासून तिथवर ओली वाट उमटली होती. डोकं वर करून तिनं सुनेला पाहिलं. सुनेला शिवी दिली नाही, कुठं होतीस विचारलं नाही. आणि उल्मेकेननंही कुणी भेटलं नाही असं सांगितलं नाही. तिनं मोठी शाल घेतली, खाली बसली, म्हातारीचे हात आपल्या गळ्यात घेतले, आणि मूल पाठीला बांधतात तशी म्हातारीला पाठीला बांधली. गाठ छातीवर घट्ट आवळली. भिंतीला धरून उठली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा उठली.

अंगणात आल्यावर वास आला. ओल्या, आत्ताच फोडलेल्या जमिनीचा, थंड तळघरासारखा. आणि वर कुठंतरी दगड दगडांवर आपटत होते. आवाज कमी, जमिनीतून येणारा हादरा जास्त. "गल्लीतून नको," भोंग्यातला माणूस एकदम म्हणाला. त्याचा गळा बदलला होता. "आपा, गल्लीतून नको, ती बुडणार. मागचं फाटक. जर्दाळूंच्या बांधावरून वर. हां. डावीकडे नको. तसंच." ती ऐकेल तशी वळत होती. म्हातारीचा श्वास मानेवर गरम लागत होता. "पुढचा बांध. अजून एक. आपा, अजून एक चढा, मग बसा." बांधाचा दगड निसटला, ती गुडघ्यावर आली, हातांवर आली, आणि म्हातारीला पाठीवर घेऊन हातापायांवर रांगत त्या बांधावर गेली. "बस. तिथंच. हलू नका." खाली त्यांच्या कुंपणातून तपकिरी, जाडजूड, लापशीसारखं काहीतरी आत शिरलं, फार वेगानं नाही. त्यानं गोठा उचलला. इमिनजानच्या तंदूरभट्टीवरून ते गेलं. नेल्याच्या भाजीच्या काचघराचा चुरा होताना एवढासाच आवाज आला. घराच्या पायरीशी ते थांबल्यासारखं झालं, खिडकीच्या खालपर्यंत चढलं, आणि मग नदीकडे वळलं. एक उपटलेलं चिनाराचं झाड अंगणातून सावकाश गेलं. म्हातारी पाठीवरून बघत होती. "कोंबड्या," ती म्हणाली, एवढंच.

मग माणसं आली, दोर आले, ब्लँकेटं आली. भोंग्याच्या डोळ्यानं टिपलेलं चित्र संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं: राखाडी रुमालाची बाई कान दाबून खाली चालली आहे, सगळं जग मागे ओढतंय आणि ती खाली चालली आहे. त्याच्या आधीचं चित्र कुणी दाखवलं नाही. नगरभवनात तिला फुलं दिली, चहासाठी विजेचा समोवार दिला. सर्दीवाला माणूसही आला होता. गोलमटोल, लाजाळू, हातात चुरगळलेला रुमाल. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "मी तुम्हाला आधी वर येताना पण पाहिलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, मदत बघताहेत." उल्मेकेननं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात डाव नव्हता. "हो," ती म्हणाली. नेल्या गाजराची कोशिंबीर घेऊन भेटायला आली, बसली, काचघराबद्दल बोलली, आणि त्या गवताबद्दल एक अक्षर बोलली नाही. ते न बोललेलं उल्मेकेनला कोशिंबिरीच्या प्रत्येक घासात लागलं.

मेइरबेकच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीकडच्या खोलीत म्हातारीचा पलंग लावला होता. लोक येत. उल्मेकेनची सून पिठाचे बावुरसाक तळून तळून दमली. म्हातारी उशांना टेकून सगळ्यांना सांगे, दर वेळी थोडं चढवून: "मी हिला म्हटलं, अगं जा, मी जगले तेवढं पुरे. ही कुठली जाते! ढकलली तरी जाईना. पलंगाला धरून बसली होती. पहिल्यापासून हट्टी, माझ्या पोरानं पसंत केली तेव्हाच मी म्हटलं होतं." बायका डोळे पुसत, उल्मेकेनच्या डोक्यावरून हात फिरवत. ती मान खाली घालून चहा ओतत राही, थोडा थोडा, रिवाजाप्रमाणे वाटी पुरती न भरता. म्हातारीनं आपल्याला सोडवलं की बांधलं, हे तिला ठरवता येत नव्हतं. चारचौघांत ते खोटं इतकं पक्कं बसलं होतं की आता तिला स्वतःलाही त्यातून बाहेर यायला दार नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर तिनं ऐकल्या असत्या. त्यांची सवय होती.

एका दुपारी पाहुणे गेले. सून भाजी आणायला गेली. उल्मेकेन चादरीवरचे पावाचे तुकडे हातानं गोळा करत होती. म्हातारीचे डोळे मिटलेले होते, झोपलीय असं वाटत होतं.

"पुन्हा जाशील तेव्हा," म्हातारी म्हणाली, "खिडकी लावून जा."

उल्मेकेनचा हात चादरीवर थांबला.

"तो मेला भोंगा सारखा कानात. घर सोडा, घर सोडा. पहिल्यांदा बाई, मग तो शेंबड्या. मला काय ऐकू येत नाही? खिडकी लावली असतीस तर निवांत पडून राहिले असते मी." तिनं डोळे उघडले नाहीत. आवाजात राग नव्हता. वाण्याकडून मीठ आणायला सांगावं तसं ती सांगत होती. खाली रस्त्यावर बस वळत होती. उल्मेकेननं ओंजळीतले तुकडे ताटात टाकले. कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या: मदत बघायला गेले होते, परत आले ना, पुन्हा कधी जाणार नाही. त्यातली एकही तिच्या तोंडापर्यंत आली नाही. आणि न आल्याचं तिला हलकं वाटलं, गवतावर वाटलं होतं त्याहूनही.

"लावीन, एने," ती म्हणाली.

"हं," म्हातारी म्हणाली, आणि कूस बदलायची म्हणून हात पुढे केला.